कंदांची गंगाजळी : बंगळूरच्या भाजीमळ्यातील चिवट तणांचा आढावा

भाजीच्या मळ्यात उगवणारी बहुसंख्य तणे बीजापासून जन्मतात आणि त्याच हंगामात बीज टाकून मरतात. त्यामुळे फुलावर येण्यापूर्वी ती खुरप्याने काढली की त्यांचा बंदोबस्त झाला, असे मानायला हरकत नसते. काटेमाठ घ्या, घोळ घ्या, किंवा १९५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले जाऊन पुढे सबंध देशभर फैलावलेले गाजरगवत घ्या; ही तणे कितीही उपद्रवी असली, तरी त्यांचे सारे भांडवल बीजात असते, आणि बीज धरू दिले नाही तर त्यांचा वंश हळूहळू क्षीण होतो. हरळी, लव्हाळा आणि बंगळूरच्या बागांतून सर्वत्र दिसणारी गुलाबी फुलांची कंदधारी आंबुशी यांची जात मात्र निराळी. त्यांचा जो भाग आपल्या डोळ्यांना दिसतो तो त्यांच्या मालमत्तेचा अल्पांश होय. खरा संचय भूमीखाली मुळांत, कांड्यांत आणि कंदांत असतो, आणि वरची पाने कितीही वेळा कापली गेली तरी त्या संचयातून नवे पान काढण्याची त्यांची शक्ती दीर्घकाळ टिकते. संस्थानिकांच्या खजिन्यात नित्याच्या खर्चाला हात न लावता राखून ठेवलेली गंगाजळी असे, तशीच ही तणांची गंगाजळी समजावी. ती शाबूत आहे तोवर वरवरच्या खुरपणीने काहीच साधत नाही. आणि ती कशी आटवावी याचे उत्तर जितके वनस्पतिशास्त्रात आहे, तितकेच ज्या त्या गावच्या ऋतुचक्रात आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे आपल्याकडील बागाईतविषयक लेखनात फारसे लक्ष गेलेले नाही, म्हणून बंगळूरच्या हवामानाला धरून या सबंध प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

आपल्या देशावरच्या शेतकऱ्याला या प्रश्नाचे एक उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, आणि ते उत्तर म्हणजे उन्हाळ्याची नांगरट. काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी यांनी ठाण मांडले, की रब्बीचे पीक निघाल्याबरोबर, जमीन दगडासारखी कठीण होण्यापूर्वी, चार-सहा बैलांच्या जोड्या लावून खोल नांगर घालावयाचा, मोठमोठी ढेकळे उलथी पाडावयाची आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या उन्हात ती तापू द्यावयाची, अशी वहिवाट होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावी पहिला लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी तो घ्यायला प्रथम धजत नसत. परंतु लाकडी नांगराला न पोहोचणारा थर उलथून टाकण्याचे त्याचे सामर्थ्य हळूहळू लोकांच्या प्रत्ययास आले, आणि १९१० नंतर किर्लोस्करवाडीहून निघालेल्या नांगरांनी दख्खनच्या शेतीचे रूप बदलले. हेच तत्त्व पुढे फार मोठ्या प्रमाणावर अमलात आले ते कांस या गवताच्या बाबतीत. मध्य हिंदुस्थानात लक्षावधी एकर जमीन कांसाने व्यापून पडीक पडली होती. ती मोकळी करण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली, आणि १९४९ साली जागतिक बँकेने हिंदुस्थानला एक कोटी डॉलरचे जे कर्ज दिले ते मुख्यतः या कामाच्या यंत्रसामग्रीसाठी होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने एका गवताच्या उच्चाटनासाठी परदेशी कर्ज काढावे, यावरून बहुवर्षायू तणांचा प्रश्न किती गंभीर असू शकतो याची कल्पना यावी. कांसाचाही नाश अखेर नांगराने केला नाही. नांगराने मुळे वर काढली, आणि मारले ते वैशाखाच्या कोरड्या उन्हाने.

बंगळूरला नेमका हाच वैशाख नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेल्या या शहरी एप्रिलातले कमाल तापमान सरासरीने चौतीस अंशांच्या आसपास राहते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या सुमारास सोलापूर-विजापूरकडे जमीन भेगाळलेली असते त्याच सुमारास येथे वळवाच्या सरी सुरू होतात, मे महिन्यात शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि मग नैर्ऋत्य व ईशान्य या दोन्ही मोसमी वाऱ्यांचा लाभ होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याचा कळस होतो. एप्रिल ते नोव्हेंबर असे जवळजवळ आठ महिने जमिनीत ओल असते. १६३८ साली शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून मराठी माणसे या प्रांती येत राहिली, आजही देशावरून नोकरी-व्यवसायानिमित्त येणारी कुटुंबे थोडी नाहीत. आणि त्यांच्यापैकी ज्यांना मातीची आवड आहे ते घरामागच्या तुकड्यावर किंवा शेजारच्या मोकळ्या साइटवर भाजी करू लागले, की बहुधा गावाकडचेच पंचांग डोक्यात ठेवून एप्रिल-मेमध्ये जमीन खणून ठेवतात. दोन आठवड्यांत पाऊस येतो आणि खणताना तुकडे झालेल्या प्रत्येक कांडीला कोंब फुटतो. अशा वेळी तणाला दोष देण्यात अर्थ नाही. ऋतूचा हिशेब चुकलेला असतो. बंगळूरचा खरा कोरडा काळ डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा असून, जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस जवळजवळ नसतोच, आणि फेब्रुवारी-मार्चात हवा इतकी शुष्क होते की उघड्यावर पडलेली कांडी थोड्याच दिवसांत वाळून कोळ होते. देशावर उष्णता आणि शुष्कता एकत्र येतात. येथे उष्णतेचा भरवसा धरता येत नाही, शुष्कतेचा धरता येतो.

आता एकेका तणाकडे वळू. आणि त्यांत लव्हाळ्याला अग्रस्थान देणे प्राप्त आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लेरॉय होम आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली जगातील सर्वांत उपद्रवी तणांचा जो बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ब्याण्णव देशांतून आणि बावन्न पिकांतून आढळ झाल्याच्या आधारे पहिला क्रमांक लव्हाळ्याला देण्यात आला, आणि दुसरा हरळीला. आयुर्वेदात मुस्ता म्हणून गौरविलेले, दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा या नावाने पडणारे, आणि बंगळूरकडे जेकु किंवा तुंगे गड्डे म्हणून ओळखले जाणारे ते हेच. गवतासारखे दिसत असले तरी ते गवत नव्हे. त्याचा दांडा त्रिकोणी असतो, आणि बोटांत धरून फिरविला असता तो तत्काळ ओळखू येतो. एका कंदापासून कोंब वर येतो, मातीच्या पृष्ठाशी त्याची गाठ होते, त्या गाठीपासून आडव्या मुळकांड्या निघतात, त्यांच्या टोकांना नवे कंद धरतात आणि त्या कंदांपासून पुन्हा मुळकांड्या. अशा रीतीने सबंध वाफ्याखाली मण्यांच्या माळेप्रमाणे एक जाळे विणले जाते. यातील बहुतेक कंद वरच्या पंधरा सेंटीमीटर थरात असतात, थोडे तीस सेंटीमीटरपर्यंत किंवा त्याहूनही खाली जातात.

या माळेत एक विलक्षण व्यवस्था आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय लव्हाळ्याशी झुंज घेणे व्यर्थ होय. माळ अखंड असेपर्यंत टोकाकडचा कंद इतरांना निद्रिस्त ठेवतो. कुदळीने किंवा नांगराने माळ तुटली, की त्या निद्रिस्त कंदांवरचा हा अंमल उठतो आणि एकाच्या जागी दहा कोंब वर येतात. म्हणून एकदा खणून स्वस्थ बसणाऱ्याच्या वाफ्यात लव्हाळा पूर्वीपेक्षा दाट उगवतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पण याच गुणात त्याच्या पराभवाचे बीजही आहे. कारण निद्रिस्त कंदाला कोणताही उपाय पोहोचत नाही, आणि जागा झालेला कंद मात्र कोंब वर पाठविण्यासाठी आपली गंगाजळी खर्च करू लागतो. कोंब वर आल्यापासून साधारणतः तीन ते सहा आठवड्यांत नवे कंद धरू लागतात. त्याअगोदर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांहून अधिक अवधी जाऊ न देता, तो कोंब गाठीसह काढला, तर कंदाचा खर्च झालेला असतो आणि जमा काहीच झालेली नसते. कंदाला एकाहून अधिक डोळे असल्यामुळे तो पुनःपुन्हा फुटतो. पण प्रत्येक वेळचा कोंब पूर्वीपेक्षा बारीक होत जातो, आणि हे क्षीण होत जाणे डोळ्यांना दिसते. जो माणूस दोन हंगाम हा नेम अखंड पाळील, त्याचा वाफा लव्हाळ्यापासून मोकळा होतो. जो सहा वेळा काढून सातव्या वेळी महिनाभर गावी जाईल, त्याच्या श्रमांपैकी बराच भाग वाया जातो. बंगळूरच्या मळ्यांत पालक, मेथी, कोथिंबीर आणि माठ ही महिन्याभरात निघणारी पिके पूर्वापार घेतली जातात. लालबागेच्या आसपास आणि जुन्या तळ्यांच्या कडेने ज्या तिगळ समाजाने कैक पिढ्या भाजीचे तोट, म्हणजे मळे, राखले, त्यांच्या लहान लहान वाफ्यांच्या शेतीत दर महिन्याला माती नव्याने हाताखालून जात असे. लव्हाळ्याच्या कंदधारणेचा काळ आणि या पालेभाज्यांचा काळ यांत जो मेळ आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. ज्या वाफ्यात लव्हाळा आहे तेथे वांगी-मिरचीसारखे सहा महिने जमीन अडवून बसणारे पीक न घेता वर्षभर पालेभाजीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंद प्रत्यक्ष वेचून काढण्याला पर्याय नाही असे मानणारेही पुष्कळ आहेत. लहान वाफ्यात ते शक्य आहे. माती मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळून घेतली तर बरेच कंद हाती लागतात. हे काम डुकरांकडून करविण्याची वहिवाटही जगात अनेक ठिकाणी आहे, आणि रानडुकरांनी डबक्याकाठचा मोथा उकरावा ही गोष्ट आपल्या वाङ्मयाला इतकी परिचित होती, की शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत मृगयेला विराम देताना तिचा उल्लेख करतो. शहरातल्या गृहस्थाला मात्र हा मार्ग मोकळा नाही. वेचलेले कंद खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. खड्डा पुरेसा तापला नाही तर ते तेथेच फुटतात आणि खताबरोबर परत वाफ्यात येतात. पाण्यात बुडवून ठेवल्यानेही ते सहजासहजी मरत नाहीत. फेब्रुवारीच्या उन्हात गच्चीवर पातळ पसरून ते पुरते सुकू द्यावेत, आणि मगच त्यांची विल्हेवाट लावावी.

हरळीचा स्वभाव लव्हाळ्यापेक्षा उघड आहे. जमिनीवर धावणारे तिचे तंतू आणि जमिनीखालच्या कांड्या या दोहोंच्या प्रत्येक पेऱ्याला मूळ धरण्याची शक्ती असते, आणि एका पेऱ्याचा तुकडाही नवे बेट वसवायला पुरतो. गणेशचतुर्थीच्या सुमारास गांधी बझारात जिच्या जुड्या गरिके म्हणून विकल्या जातात ती दूर्वा हीच, आणि नव्या वसाहतींतून हिरवळीसाठी जी बर्म्युडा म्हणून लावतात तीही हीच. तेव्हा घरासमोर हिरवळ आणि घरामागे भाजी असा बेत करणाऱ्याने दोहोंमध्ये दगडी कट्टा तरी घालावा किंवा वीतभराहून खोल चर तरी खणून तो स्वच्छ राखावा. हरळी काढण्यासाठी धारदार फावडे वापरू नये, कारण त्याने कांड्यांचे तुकडे होतात. दाते असलेल्या अवजाराने माती उचलून, झटकून, कांड्या शक्य तितक्या लांब ओढून काढाव्यात, आणि हे काम पावसाळ्याच्या शेवटी माती ओलसर असताना करावे. बंगळूरची तांबडी माती ओली असताना भुसभुशीत असते, पण सुकली की वीट होते. डिसेंबरअखेरीस खणायला घेतले तर कुदळ चालते पण कांडी सबंध निघत नाही. हरळीची कांडी उघड्यावर सुकून लवकर मरते, आणि लव्हाळ्याच्या कंदाइतकी सहनशक्ती तिच्यात नाही; म्हणून एकच हिवाळा नीट साधला तर ती बहुतांशी जाते.

या दोन्ही तणांचे एक समान मर्मस्थान आहे. ऊस, मका आणि नाचणी यांच्याप्रमाणे प्रखर उन्हाचा पुरेपूर उपयोग करून घेणारी प्रकाशसंश्लेषणाची पद्धत त्यांच्यात असल्यामुळे उघड्यावर ती अतिशय जोमाने वाढतात. पण दाट सावलीत त्यांची गंगाजळी भरत नाही. आंबुशीचे तसे नाही, आणि त्यामुळेच मला ती बंगळूरच्या बागेतील सर्वांत कठीण समस्या वाटते. येथे आंबुशी म्हणजे आपल्या कोकणात-देशावर चटणीला वापरतात ती जमिनीलगतची पिवळ्या फुलांची नव्हे; मेक्सिकोकडून शोभेची वनस्पती म्हणून जगभर गेलेली, मोठ्या त्रिदली पानांची आणि गुलाबी फुलांची ही तिची भावंड होय. तिच्या मुळाशी कांद्यासारखा एक कंद असतो आणि त्याच्याभोवती अनेक बारीक कंदिका धरतात. झाड ओढले की पाने आणि दांडा हातात येतो आणि कंदिका मातीत विखुरतात. वळवाच्या पावसाबरोबर ती वर येते, कोरड्या दिवसांत पाने टाकून अदृश्य होते, आणि भाजीच्या पिकाखालच्या सावलीतही सुखाने राहते. तिच्याबाबत सारा भर वेळेवर आहे: मे-जूनमध्ये पहिली पाने पुरती उघडली की नव्या कंदिका पक्व होण्याच्या आत, ओंजळभर मातीसकट, मातेचा कंद उचलून काढावा. पावसाळा सरल्यावर केलेली खणणी तिच्या बाबतीत केवळ पेरणी ठरते.

केना, होनगोने, ब्राह्मी यांच्यासारख्या पेऱ्यापेऱ्याला मुळे धरणाऱ्या वनस्पतींविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्या वरच्या दोन-तीन इंचांत राहतात आणि काढल्या की निघतात. शिवाय केन्याची भाजी आपल्याकडे आवडीने केली जाते, आणि होनगोने व ओंदेलग, म्हणजे ब्राह्मी, यांच्या जुड्या बंगळूरच्या बाजारात विकत मिळतात, तेव्हा त्यांना तणांत काढावे की भाज्यांत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तण वाफ्यात येते कोठून, याचा विचार उपायांपूर्वी होणे इष्ट आहे. बंगळूरमध्ये इमारतींच्या पायाभरणीतून निघालेली तांबडी माती ट्रकने विकत मिळते. घर बांधून झाल्यावर राडारोड्यावर ती पसरून बाग करण्याचा प्रघात आहे, आणि या मातीबरोबर लव्हाळ्याचे कंद येतात. तळ्यातला गाळ शेतात टाकण्याची या प्रांतीची जुनी पद्धत जमिनीच्या दृष्टीने उत्तम असली, तरी गाळातूनही पाणथळीची तणे येऊ शकतात. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीत रोपाच्या बुडाशी आंबुशीची पाने दिसत नसली तरी कंदिका असू शकतात. नवी माती आणली की ती वाफ्यात टाकण्यापूर्वी एका कोपऱ्यात ओलवून महिनाभर ठेवावी आणि तीत काय उगवते ते पाहावे. एवढी तसदी घेतली तर पुढचे दोन वर्षांचे काम वाचते. गच्चीवरच्या कुंड्यांतून भाजी करण्याची चळवळ या शहरात चांगली रुजली आहे. तिच्या अनुयायांना तर ही सूचना विशेषच लागू आहे, कारण कुंडीतल्या एका कंदाला प्रतिस्पर्धी नसतो.

हरळी-लव्हाळ्यावरच्या उपायांचा क्रम बंगळूरच्या ऋतूंवरूनच ठरतो. नोव्हेंबरच्या अखेरीस, ईशान्य मोसमी पावसाची ओल असतानाच, तुकडा मोकळा करून खणावा, हाती लागतील त्या कांड्या व कंद काढावेत, आणि मार्चअखेरपर्यंत त्याला पाणी देऊ नये. दर पंधरा दिवसांनी माती उलटीसुलटी करावी म्हणजे खालचे कंद वर येऊन सुकतील. याची किंमत मोठी आहे हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर ते मार्च हाच बंगळूरचा कोबी, फुलकोबी, वाटाणा आणि गाजर यांचा उत्तम हंगाम. तो सोडणे कोणाही बागाईतदाराच्या जिवावर येणार. म्हणून सबंध मळा एकदम न घेता निम्मा घ्यावा, आणि दोन भागांमध्ये चर ठेवावा, नाहीतर शेजारच्या वाफ्याचे पाणी पाझरून कोरडा ठेवलेला भाग आतून ओला राहतो आणि सारा खटाटोप फुकट जातो. एप्रिलच्या सरींबरोबर जे कोंब येतील ते येऊ द्यावेत, आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने मे अखेरपर्यंत ते काढत राहावे. जूनमध्ये मग सावलीचे पीक घ्यावे: ताग दाट फेकून पेरला तर दीड-पावणेदोन महिन्यांत पुरुषभर वाढून खालचे सर्व झाकतो, आणि फुलावर येताच कापून जमिनीत गाडला की खतही होते, ज्याला खाण्याजोगे काही हवे त्याने चवळी, भोपळा किंवा रताळे लावावे. बंगळूरच्या आसपास नाचणीच्या शेतात अवरे, म्हणजे आपला पावटा, आणि शेवटच्या पावसावर कुळीथ घेण्याची जी रीत आहे, तिच्यामागे अन्नाची गरज होती हे खरेच, पण जमीन पावसाळ्यात एक दिवसही उघडी न ठेवण्याचे शहाणपणही तीत आहे.

प्लास्टिकच्या आच्छादनाबद्दल लोकांच्या अपेक्षा वाजवीपेक्षा अधिक असतात. कोलार आणि चिक्कबळ्ळापूरकडे टोमॅटोच्या सऱ्यांवर रुपेरी-काळी पाने पसरलेली सर्वत्र दिसतात, आणि बीजापासून येणाऱ्या तणांवर ती निःसंशय गुणकारी आहेत. पण लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असल्यामुळे तो हे पातळ पान भेदून वर येतो, आणि हरळी आतल्या आत सरपटत रोपासाठी पाडलेल्या भोकातून डोके काढते. इस्रायलमध्ये याकोब कतान यांनी १९७६ साली पुढे आणलेली सौरतापनाची पद्धत, म्हणजे ओल्या मातीवर पारदर्शक पान घट्ट ताणून चार ते सहा आठवडे ती उन्हात तापविणे, ही अधिक विचारार्ह आहे. मार्च-एप्रिलात तिने वरच्या थरातील बहुतेक बीजे आणि रोगजंतू नष्ट होतात. परंतु बंगळूरच्या सौम्य उन्हात खालच्या लव्हाळ्याला मारण्याइतकी उष्णता खोलवर पोहोचत नाही, आणि मध्यम उष्णतेने कंद उलट लवकर फुटतात. फुटलेले कोंब लगेच काढण्याची तयारी असेल तर तेही उपयोगाचेच आहे. जाड पुठ्ठे आणि त्यांवर वीतभर पालापाचोळा हे आच्छादन हरळीवर चांगले चालते, मात्र कडेने ती आत शिरणार नाही याची तजवीज हवी.

रासायनिक तणनाशकांविषयी दोन्ही बाजूंनी आवेशाने बोलले जाते, म्हणून संयमाने लिहिणे जरूर आहे. १९७० च्या दशकात बाजारात आलेले ग्लायफोसेट हे पानांतून मुळांकडे वाहत जाणारे द्रव्य असल्यामुळे, जोमाने वाढणाऱ्या हरळीवर आणि लव्हाळ्यावर ते परिणाम करते यात शंका नाही. पण निद्रिस्त कंदापर्यंत तेही पोहोचत नाही, आणि उभ्या भाजीपिकात ते वापरता येत नाही, कारण ते तण आणि पीक असा भेद करीत नाही. २०१५ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मानवात कर्करोग उत्पन्न करण्याचा संभव असलेल्या द्रव्यांत त्याची गणना केली. अमेरिका आणि युरोप येथील नियामक संस्थांचे मत तिच्याहून भिन्न पडले. आणि आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर अधिकृत कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. जो शेतकरी पाच एकरांत टोमॅटो करतो आणि ज्याला निंदणीला मजूर मिळत नाहीत, त्याने तणनाशकाचा विचार केला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. दिवसभर कमरेत वाकून खुरपणाऱ्या बायांचे कष्ट ज्याने पाहिले आहेत तो तरी ठेवणार नाही. पण घरापुरत्या भाजीच्या तुकड्यावर, जेथे मुले मातीत हात घालतात आणि दोन वाफ्यांच्या पलीकडे शेजाऱ्याची विहीर किंवा कूपनलिका असते, तेथे त्याचे समर्थन मला करवत नाही. तुकडा लहान आहे हेच तेथे आपले बळ आहे.

तणांचा नाश कीटकांकरवी करण्याचा मार्ग मात्र असा आहे, की ज्याच्या इतिहासात बंगळूरचे नाव ठळकपणे येते. त्याचा आरंभ योगायोगाने झाला. १७९५ साली रंगासाठी म्हणून ब्राझीलहून हिंदुस्थानात आणलेला कोचिनिअल किडा भलत्याच जातीचा निघाला. त्याच्यापासून रंग तर धड मिळाला नाही, पण त्याने निवडुंगाची एक जात खाऊन फस्त केली. पुढे १९२६ मध्ये त्याच कुळातला दुसरा किडा सिंहलद्वीपातून आणून दक्षिणेत सोडण्यात आला, आणि शेतांच्या बांधांवर माजलेला फड्या निवडुंग दृष्टीआड झाला. १९५७ साली राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र बंगळूरला उघडले, आणि या विषयाला शास्त्रीय बैठक मिळाली. हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून आणलेला गाजरगवतावरचा भुंगेरा १९८४ साली येथेच प्रथम सोडला. जलपर्णीवरचे सोंडकिडेही त्याच सुमारास सोडण्यात आले, आणि बंगळूरच्या काही तळ्यांवरून जलपर्णीचे पांघरूण त्यांनी दूर केले. आता साहजिकच प्रश्न येतो, की लव्हाळा आणि हरळी यांच्यावर असा एखादा किडा का सोडला जात नाही. त्याचे उत्तर असे, की निवडुंग, गाजरगवत आणि जलपर्णी ही परदेशांहून आलेली, आपले नैसर्गिक शत्रू मागे टाकून आलेली तणे होती. शत्रू आणून सोडताच समतोल बदलला. लव्हाळा आणि हरळी या मात्र जुन्या जगाच्याच रहिवासी असून त्यांचे शत्रू येथे आधीपासून आहेत, आणि ते असूनही त्या फोफावतात. लव्हाळ्याच्या दांड्यात शिरणारा एक पतंग आणि एक सोंडकिडा फिलिपाइन्सहून १९२५ साली हवाई बेटांत नेऊन सोडण्यात आले होते. ते तेथे टिकले, परंतु लव्हाळाही टिकला, कारण किडा वरचा कोंब खातो आणि संचय खाली सुरक्षित राहतो. शिवाय हरळी ही गुरांचा चारा आणि बांधाची पकड आहे. तिच्यावर सर्वत्र पसरणारा किडा सोडणे कोणत्याही शहाण्या सरकारला परवडणार नाही. ज्या शहराने या विद्येत एवढे यश मिळविले, त्याच शहरातील भाजीच्या वाफ्याला ती आज उपयोगी पडत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. आंबुशी परदेशी आहे, तेव्हा तिच्याबाबत अशा शोधाला जागा आहे असे मला वाटते.

राहता राहिला प्रश्न सीमेचा. बंगळूरच्या वसाहतींत तीस बाय चाळीस फुटांची एखादी साइट वर्षानुवर्षे रिकामी पडते, मालक परगावी असतो, आणि तिच्यावर हरळी व लव्हाळा यांचे निर्वेध राज्य चालते. त्या साइटला लागून असलेल्या वाफ्यात कितीही काटेकोर काम केले तरी कुंपणाखालून मुळकांड्या येतच राहतात. मालकाचा ठावठिकाणा लागत असेल तर त्याची संमती घेऊन कुंपणालगतची हातभर पट्टी आपणच वर्षातून दोनदा साफ करणे सर्वांत सोपे. तसे शक्य नसेल तर कुंपणाच्या आतल्या बाजूस तीस सेंटीमीटर खोल आणि तेवढाच रुंद चर खणून तो रिकामाच ठेवावा. मातीने किंवा पालापाचोळ्याने तो भरला की त्याचा उपयोग संपतो. चरात लोंबकळू लागलेल्या कांड्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला, आणि कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा, विळ्याने छाटून गच्चीवर सुकायला टाकाव्यात; आणि दुसऱ्या वर्षी मेच्या पहिल्या जोरदार सरीनंतर आठवड्याभराने चराच्या आतल्या कडेची हातभर जमीन बोटांनी उकरून पाहावी, कारण आत शिरलेला कोंब प्रथम तेथेच दिसतो.